डावा कान

जबाबाच्या चौथ्या पानावर, सातव्या मुद्द्यात लिहिलंय
की गैरअर्जदार शिवकांता हिने
अज्ञान मुलाचे कान भरले,
त्याच्या मनात बापाविषयी विष कालवले.
कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं
ते पान दोनदा काढलं, पहिलं काळं आलं म्हणून,
अन् पैसे एकाचेच घेतले.

कालवणं मला येतं.
दुधात भाकरी कालवते, वरणात भात,
कडू गोळी गुळाच्या पाण्यात.
विष कसं कालवतात?
बोटानं, का चमच्यानं?

अन् कान.
माझा डावा कान तीन वर्षं झाली, रिकामा आहे.
येळवशीची सांज होती,
आंबील शेवटच्या पाहुण्याला पुरली नाही.
एवढंच.
दवाखान्याच्या चिठ्ठीवर आहे: मोरीत पाय घसरला.
मीच सांगितलं होतं तसं,
सासू शेजारी उभी राहून माझा पदर नीट करत होती.
आता त्यांचा वकील तीच चिठ्ठी वर धरतो,
बघा साहेब, हिच्याच तोंडचं आहे.

मनू तेव्हा चार वर्षांचा, कणगीच्या आडोशाला.
तेव्हापासून तो माझ्या उजवीकडूनच चालतो.
देवणीच्या बाजारात, शाळेला जाताना,
ट्रकची बाजू असली तरी.
आतून चल म्हणलं की दोन पावलं आतून चालतो
अन् परत उजवीकडं येतो.
याला कुठल्या पानावर मुद्दा नाही.

खोटं कशाला सांगू, एकदा बोलले मी.
मामाच्या पोरीला त्यानं पाटी फेकून मारली
तेव्हा तोंडातून गेलं:
झालास का बापावाणी?
दिवसभर तो दोन्ही हात पाठीमागं धरून हिंडला.
जेवतानाही हात पुढं घेईना,
मी घास भरवले.
हे वाक्य त्यांच्या जबाबात नाही.
मला पाठ आहे.

लातूरला भेटीच्या खोलीत
एक प्लास्टिकची घसरगुंडी, एका डोळ्याचं अस्वल.
राजेश्वर नवी बॅट घेऊन आला होता,
स्टिकरसकट.
मनू दाराची कडी धरून उभा.
ये रे मन्मथ, म्हणत तो गुडघ्यावर बसला अन् रडला.
खरं रडला. मला ओळखू येतं ते रडणं,
मारून झाल्यावरही तो असाच रडायचा.

समुपदेशक मॅडमनी रकान्यात लिहिलं:
मूल प्रत्येक उत्तराआधी आईकडे पाहते.
पाहत होताच.
पण परवानगी मागत नव्हता, मॅडम.
माझा कोणता कान त्याच्याकडं आहे
ते बघत होता.

साहेबांनी त्याला एकट्याला आत बोलावलं.
दहा मिनिटं.
तो बाहेर आला, मी काही विचारलं नाही,
पाण्याची बाटली दिली.
मग हुकूम झाला: दुसरा अन् चौथा शनिवार,
अकरा ते एक.

उदगीरच्या गाडीत डावीकडचं बाक मिळालं.
खिडकीसाठी हे पोरगं
एरवी अनोळखी माणसाच्या मांडीवर चढतं.
आज त्यानं मला खिडकीशी सारलं
अन् स्वतः उजवीकडं बसला,
बॅट दोन्ही गुडघ्यांत धरून.
आणलीच होती त्यानं. मी नको म्हणाले नाही,
घे पण म्हणाले नाही.

नळेगाव मागं पडलं तेव्हा तो कानाशी आला.
'आता कोणत्या शनवारी गं?'

भीती होती का ओढ,
गाडीच्या खडखडाटात
एका कानाला तेवढं कळत नाही.
मी त्याच्या तोंडाकडं बघितलं.
तो बॅटवरचं स्टिकर नखानं सोलत होता,
हळूहळू, फाटू न देता.

'चौथ्या,' मी म्हणाले. 'अकराला.'